कोपीऐवजी केबिन घेणार असाल तर: साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारी संचालक आणि सर्व संचालक,
राज्यातील सहकारी व खासगी साखर कारखाने

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका कारखान्याच्या शेतकी खात्यातून मला फोन आला. गाडीतळावर, म्हणजे बैलगाडीवाल्यांच्या मुक्कामाच्या जागी, ऊसतोड कामगारांसाठी तयार केबिन घ्यायचं चाललंय, तुम्ही हेच काम करता, एवढं कोटेशन बघून सांगा, असं साहेब म्हणाले. व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं. वीस बाय आठ फुटांची केबिन, थर्माकोल भरलेल्या पत्र्याच्या भिंती, आत दोन्ही बाजूंना दुमजली लोखंडी खाटा, आठ माणसांची सोय. मी साहेबांना विचारलं, "यात कोयता, नवराबायकोची जोडी, कुठं झोपणार?" ते म्हणाले, "खरं सांगू का ताई, हे मी विचारलंच नाही." त्यांनी ते सरळ कबूल केलं, म्हणूनच हे पत्र लिहायचा धीर झाला.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली. आई आणि अण्णांनी मिळून सतरा हंगाम ऊस तोडला. सातवीपर्यंत दिवाळीनंतरचं माझं घर म्हणजे कोपी, उसाच्या वाळल्या पाल्याची, पाचटाची झोपडी. मग आजीजवळ राहून शाळा झाली, पुढे सिव्हिलचा डिप्लोमा झाला, आणि गेली अकरा वर्षं मी बांधकामाच्या साइटवर कामगारांच्या राहण्याची सोय बघते. केबिन निवडायची, मागवायची, उभी करायची, काम संपलं की उचलून पुढच्या साइटवर न्यायची. दोन्हीकडचं थोडं कळतं, त्या भरवशावर लिहिते आहे.

कोयता म्हणजे जोडपं, हे आपल्याला मी सांगायला नको. उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. जोडप्याबरोबर पोरं असतात, कधी म्हातारी सासू असते, गाडीवान असेल तर बैल असतात. बांधकामावर मात्र बहुतेक गडी एकटे येतात. बाजारात जी तयार केबिन मिळते ती त्यांच्या मापानं बेतलेली असते. तीच आणून गाडीतळावर ठेवली तर एकीत दोन-तीन जोडपी कोंबली जातील. आठ दिवसांत बाया शेजारी पाचटाची कोपी घालून तिकडं राहायला जातील, आणि केबिनमध्ये वाढ्याच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या पडतील. मग वार्षिक सभेत कुणीतरी उठून म्हणेल की या लोकांना चांगलं दिलं तरी राहता येत नाही. हे वाक्य ऐकायची पाळी आमच्यावर येऊ नये, एवढ्यासाठी खरेदीच्या आधी बोलते आहे.

कोपी आतून कशी असते हे आपल्यातल्या अनेकांनी रस्त्यावरून जाताना पाहिलं असेल, पण आत बसून पाहिलं नसेल. आम्हाला कारखान्याकडून बांबू आणि तट्टे, म्हणजे विणलेल्या चटया, मिळायचे. अण्णा बांबू वाकवून कमान करायचे, वरून तट्टे, त्यावर पाचट, त्यावर ताडपत्री. आत सहा-सात फूट जागा. आत शिरताना वाकायचं, बाहेर निघताना वाकायचं, मधे उभं राहायची सोय फक्त माझ्या उंचीला. एका कोपऱ्यात पेटी आणि चार महिन्यांच्या बाजरीचं पोतं, दुसऱ्या कोपऱ्यात हंडा-कळशी. दाराच्या जागी पोत्याचा पडदा. त्या पडद्याची आठवण मला अजून येते. आई-अण्णा पहाटे तीनला गाडी जुंपून उसाच्या फडात जायचे. मी आणि धाकटा भाऊ आत. बाहेर कुत्रं आलं की पडदा हलायचा. मी आतून त्याची दोन टोकं धरून बसायची, उजाडेपर्यंत.

एका हंगामात आमच्या ओळीतली चौथी कोपी पेटली. चुलीतली ठिणगी पाचटावर गेली, बस. आगीला पळायला किती वेळ लागतो ते मी त्या दिवशी पाहिलं. आईनं आमच्या कोपीवर पाणी फेकायला हंडा उचलला तोवर तिकडची कोपी राख झाली होती. माणसं वाचली. दोन शेळ्या गेल्या, धान्य गेलं, त्या घरच्या मुलीची दहावीची पुस्तकं गेली.

आज मी ज्या साइटवर काम करते तिथं माझ्या पाठीशी कायदा आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याचं ३४ वं कलम सांगायचं की काम चालू असेपर्यंत कामगाराला कामाच्या जागी किंवा जवळात जवळ राहायला जागा फुकट द्यायची. स्वयंपाक, अंघोळ, धुणं आणि शौच यांची सोय वेगळी करायची. आणि काम संपलं की मालकानं ते सगळं स्वतःच्या खर्चानं काढून जमीन पूर्वीसारखी करायची. पन्नासपेक्षा जास्त बाया कामावर असतील तर पाळणाघर, हे ३५ वं कलम होतं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा कायदा आणखी बारा कायद्यांबरोबर सामावला गेला, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. ऊसतोडीत मात्र मालक कोण, इथंच घोडं अडतं. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मजूर जमवणाऱ्या मुकादमाशी, मुकादम कोयत्याशी. राहण्याची सोय कुणाच्याच करारात नसते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोड कामगारांच्या हालाखीची स्वतःहून दखल घेतली. कोर्टाच्या आदेशाची वाट बघून करण्यापेक्षा आपण आपल्या गाळपाच्या माणसांसाठी आपणहून करावं, अशी माझी विनंती आहे.

आता निवडीचं बोलते.

केबिन कुठली याच्या आधी ती कुठं ठेवायची ते ठरवा. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जीव गेले. पाठोपाठ आंबेगावला तसंच होऊन आणखी सहा गेले. खोल्यांचा पत्रा कितीही चांगला असता तरी ती माणसं वाचली नसती. कारखान्यात ही चूक दुसऱ्या रूपात होते. जी जागा कुणालाच नको ती तळाला दिली जाते: कंपाउंडच्या भिंतीलगत, मळीच्या नाल्याकडेला, बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगाच्या खालच्या वाऱ्याला. बगॅस पेटतं हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. उंचवट्याची, पाण्याच्या उंच टाकीपासून आणि कुठल्याही उंच भिंतीपासून लांबची, टँकर आत वळेल अशी जागा द्या. दोन ओळींमध्ये निदान वीस फूट सोडा.

दुसरं, आपल्याकडे एकाच प्रकारची माणसं येत नाहीत. बैलगाडीवाले पूर्ण हंगाम तळावर असतात. ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्या गावोगाव फिरतात, ऊस संपला की मुक्काम हलवतात. दोघांना एकच केबिन देऊन भागणार नाही. तळावर दहा फूट रुंदीची, एकदाच बसवायची, ओळीतली घरं चालतात. टोळीला अख्खी केबिन द्यायची म्हटलं तर ट्रेलर लागतो, हायड्रा क्रेन लागते, आणि नोव्हेंबरात काळ्या रानातल्या गाडीवाटेवर हायड्रा जातच नाही, रुततो. टोळीसाठी नट-बोल्टची, सुटी होणारी पॅनलची खोली घ्या. दोन ट्रॉल्यांत बसते, आणि एकदा शिकवलं की सहा माणसं दिवसभरात उभी करतात. अण्णांनी आयुष्यभर दर मुक्कामाला कोपी उभी केली. पान्यानं बोल्ट आवळणं आमच्या माणसांना जड नाही.

जुने जहाजाचे कंटेनर स्वस्तात मिळतात म्हणून कुणी सुचवेल. ते अवजारं ठेवायला घ्या, माणसं ठेवायला नको. वीस फुटी कंटेनर आतून पावणेआठ फूटही रुंद नसतो, आणि नुसतं पोलाद फेब्रुवारीच्या उन्हात तापलं की रात्री दहापर्यंत निवत नाही. डिसेंबरात उलट होतं. उघड्या पत्र्याला आतून दव सुटतं आणि पहाटे अंथरुणावर टपटप गळतं. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, वाचलेल्यांना चौक गावाजवळ कंटेनरमध्ये ठेवलं. तात्पुरतं म्हणून दिलेल्या घरात माणसाला उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही काढावे लागतात, हे आपल्या राज्याला नवीन नाही.

म्हणून भिंत आणि छत दोन्ही भरीव हवेत. भरायला काय घ्यायचं, यावर बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक होते, तर जरा सविस्तर सांगते. तीन गोष्टी मिळतात: थर्माकोल, पफ (पॉलियुरेथेनचा फोम) आणि रॉकवूल. थर्माकोल सगळ्यात स्वस्त. तो जाळ लागला की वितळून पेटते थेंब पाडतो. पफ उष्णता चांगली अडवतो, पण तोही जळतो, आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतात. बंद खोलीत माणूस ज्वाळेआधी धुरानं जातो. रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेले तंतू, ते जळत नाहीत. वजनाला जड, भावाला जास्त. जिथं लहान मुलं झोपणार आणि दहा पावलांवर चूल असणार, तिथं माझ्या मते रॉकवूलच हवं, निदान चुलीकडच्या भिंतीला आणि दोन घरांमधल्या भिंतीला तरी. बाकी भिंतींना पफ घेतलात तर आतून सिमेंट बोर्ड लावून घ्या, म्हणजे फोम उघडा राहत नाही. थर्माकोल कुठंच नको.

पफ म्हणून थर्माकोल येतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. एका साइटवर आलेल्या केबिनचा पत्रा वाजवला तर आवाज पोकळ वाटला. करवतीनं कोपरा कापला, आत पांढरे मणी. तेव्हापासून मी एक साधी परीक्षा करते. एक फूट बाय एक फूट, पन्नास मिलिमीटर जाडीचा तुकडा कापून घ्यायचा, दोन्ही बाजूंचा पत्रा सोलायचा आणि नुसता फोम किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवायचा. घनमीटरला चाळीस किलोचा पफ असेल तर तुकडा १८५ ग्रॅमच्या आसपास भरतो. शंभरच्या खाली भरला तर माल परत. पत्र्याची जाडीही मोजून घ्या. अर्धा मिलिमीटर लिहून पस्तीस शतांशचा पत्रा मारतात आणि दुसऱ्या हंगामात तो बैलाच्या शिंगानं फाटतो. आपल्या केनयार्डात, उसाच्या गाड्या येतात तिथं, टनाचा काटा आहे. हा ग्रॅमचा काटा खरेदी समितीच्या टेबलावर ठेवा.

चुलीबद्दल एक शब्दही त्या कोटेशनात नव्हता. केबिन विकणारा गृहीत धरतो की मेस असणार. आमच्यात प्रत्येक बाई पहाटे दोनला उठून भाकरी थापते, चुलीवरच, पाचट आणि काटक्या जाळून. तिला बाहेर आडोसा दिला नाही तर थंडीवाऱ्यात ती चूल आतच पेटवणार, आणि मग पॅनलचं घर पाचटाच्या कोपीपेक्षा धोक्याचं ठरेल. प्रत्येक घरापुढं चार फुटांची पडवी काढा आणि पडवीच्या टोकाला, भिंतीपासून सुटा, विटांचा ओटा बांधा. वाऱ्याच्या बाजूला विटांचीच कमरेएवढी भिंत, वर पत्रा. खर्च फार नाही. हे एवढं केलं नाही तर बाकी काही करू नका, असं मी म्हणेन.

जमीन हा दुसरा जीवावरचा विषय. मण्यार रात्री निघते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दात इतके बारीक की झोपलेल्याला कळतही नाही; सकाळी पोट दुखतंय, डोळे उघडत नाहीत, एवढंच. केबिन जमिनीपासून दोन फूट वर, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर हवी. दीड फूटसुद्धा चालेल, पण वाकून पाहिलं तर पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. कमी उंचीवर ठेवली तर खाली उंदीर होतात आणि उंदरामागं साप येतो. काळ्या मातीवर थेट ठोकळे ठेवू नका. ती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते, केबिन तिरकी होते आणि दार चौकटीत अडकतं. माती काढून मुरूम भरा, दाबून घ्या. आतल्या फरशीला प्लायवूड नको, वाळवी लागते आणि पाण्यानं फुगतं. सिमेंट बोर्ड, अठरा मिलिमीटर. केबिन हलकी असते, म्हणून चारही कोपरे जमिनीत बांधून घ्या. मार्चमधलं अवकाळी वादळ गारांसकट येतं, तेव्हा न बांधलेली केबिन ठोकळ्यांवरून घसरते.

घर एका कोयत्याचं. वीस बाय दहाची केबिन असेल तर मधे भिंत घालून दोन घरं, दोन्हींची दारं एकाच बाजूला नकोत. दहा बाय दहाची खोली, छताशेजारी बाजरीच्या पोत्यासाठी माळा, पंखा भिंतीवरचा. साडेआठ फुटांच्या छताला पंखा टांगला तर खाटेवर उभ्या राहिलेल्या पोराच्या डोक्याला लागतो. खिडकीला जाळी हवी, पण गज पक्के ठोकलेले नकोत, आतून उघडता आले पाहिजेत. आई-बाप फडात गेल्यावर आत पोरं एकटी असतील आणि दाराशी आग लागली तर दुसरी वाट हवी. आणि पोरांना कुलूप लावून जायची वेळच येऊ नये, म्हणून दर तळाला एक मोठी केबिन पाळणाघराची धरा आणि पहाटे तीनला ती उघडणारी बाई पगारावर ठेवा. संत भगवानबाबा वसतिगृह योजना ऊसतोड कामगारांच्या शाळेतल्या मुलांसाठी आहे. अंगावर पिणाऱ्या पोराला वसतिगृह नसतं, ते फडाच्या बांधावर झोळीत असतं, आणि जुन्नर-शिरूरकडच्या उसात बिबट्या असतो.

वीज देताना एक गोष्ट कृपा करून विसरू नका. केबिन म्हणजे लोखंडाचा डबा आहे. आमच्या एका साइटवर ठेकेदाराच्या माणसानं पत्र्याला भोक पाडून वायर तशीच ओवली होती. पत्र्याच्या धारेनं वायरचं कातडं सोललं. संध्याकाळी हात धुऊन आलेल्या पोरानं दाराच्या कडीला हात लावला आणि तो तीन फूट मागं फेकला गेला. वाचला. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक केबिनला तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आणि वेगळं अर्थिंग बसवलं, आणि ते झाल्याशिवाय मी आता केबिनची चावी कुणाला देत नाही. आपल्याकडे इलेक्ट्रिकल खातं आहे, वायरमन आहेत. हे काम बाहेर देऊ नका, आपल्या माणसाकडून करून घ्या.

शौचालय शेवटी सांगते आहे, पण पैसे वाटताना ते पहिलं धरा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागं अनेक कारणं आहेत: खाडा, म्हणजे गैरहजेरी, झाला की कापला जाणारा पैसा, लहानपणी लग्न, डॉक्टरांचा लोभ. पण त्या आकड्यातल्या माझ्या दोन मावश्यांचं दुखणं सुरू झालं ते पाळीच्या दिवसांत कॅनॉलच्या पाण्यानं, अंधारात, घाईघाईनं उरकण्यापासून. तयार शौचालयाचे डबे मिळतात, खाली संरक्षण संशोधन संस्थेच्या (डीआरडीओ) पद्धतीची जैविक टाकी बसवता येते, उचलून दुसरीकडं नेता येतात. चार घरांमागं एक द्या. वाटेवर दिवा, आतून कडी, आत नळ, कपडा टाकायला झाकणाचा डबा, आणि न्हाणीघर वेगळं, त्याला छत. मग साफ करायला माणूस नेमा, महिन्याच्या पगारावर. साफसफाईचा माणूस नसलेलं शौचालय पंधरा दिवसांत बंद पडतं, हे मी अकरा वर्षांत एकदाही चुकलेलं पाहिलं नाही.

बैलांचं एक राहिलं. मागं एका आराखड्यात घरं इकडं आणि गोठा तीनशे मीटरवर, असं सुबक चित्र काढलेलं मी पाहिलं. आमचा कोणताही गाडीवान बैलांपासून तीनशे मीटरवर झोपणार नाही. लाखभर रुपयांचा जीव आहे तो, आणि घरच्या माणसासारखा आहे. दावण घरासमोर, झोपल्या जागेवरून दिसेल अशी हवी. शेण-मुताचा उतार घराच्या उलट्या बाजूला काढा, झालं.

पैशाचं. आमच्याकडे येणाऱ्या कोटेशनांत बऱ्या प्रतीची केबिन चौरस फुटाला बाराशे ते पंधराशे रुपयांना पडते. वीस बाय दहाचे अडीच ते तीन लाख, म्हणजे कोयत्यामागं सव्वा ते दीड लाख. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याला साडेतीन-चार हजार कोयते लागतात, सगळ्यांना एका हंगामात घर द्या असं मी म्हणणार नाही. पण दर वर्षी शंभर घरं केली तर दीड कोटी, म्हणजे टनामागं पंधरा रुपये. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी आपण टनामागं दहा रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढेच घालायचे, असं ठरलेलं आहेच. त्यातून वसतिगृहं, विमा अशी कामं आहेत, तरी घरांचा वाटा त्यातून मागता येईल. तळापासून सुरुवात करा, कारण तिथं माणसं एका जागी आहेत आणि जागा आपलीच आहे. हार्वेस्टर, ऊस तोडणारी यंत्रं, दर वर्षी वाढताहेत. पुढं कोयते कमी झाले तर पक्की चाळ ओस पडेल, केबिन मात्र उचलून दुसरीकडं नेता येते. पावसाळ्यात ती रिकामीच असते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडची माणसं शाळांच्या वर्गात दाटीवाटीनं झोपली होती. उंचावरच्या तळावर दोनशे रिकामी घरं असती तर त्या वेळी उपयोगी पडली असती, आणि सभासदांनाही हा खर्च परका वाटला नसता.

टेंडर काढाल तेव्हा सगळ्यात कमी दराला देऊ नका, असं मी म्हटलं तर ऑडिटची अडचण येईल, हे कळतं. म्हणून वर लिहिलेलं सगळं अटींमध्ये घाला: भरणीचा प्रकार आणि घनता, पत्र्याची जाडी, फरशी, आरसीसीबी, पडवी, ओटा. अटी नीट असल्या की कमी दरवालाही तेच देतो. पाच वर्षांची देखभाल त्याच्याच गळ्यात घाला. आणि शंभरची ऑर्डर द्यायच्या आधी एक घर उभं करा, नमुन्याचं.

ते आत्ताच करा. पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, अजून काही आठवडे आहेत, माणसं तळावर आहेत. एकदा गाड्या गावाकडं निघाल्या की विचारायला कुणी सापडणार नाही आणि घरं पुन्हा आपण-आपणच ठरवू. एका कोयत्याला त्या घरात पंधरा दिवस राहू द्या, पोराबाळांसकट, आणि मग त्या बाईला विचारा. मी गेल्या पंधरवड्यात एका तळावर आठ-दहा जणींना विचारलं की घर दिलं तर त्यात काय पाहिजे. एकीनंही पंखा आधी सांगितला नाही. पहिल्यांदा सगळ्यांनी सांगितली ती दाराला आतून कडी. दुसरं, उभं राहून लुगडं नेसता यावं एवढी उंची. तिसरं, एक म्हातारी म्हणाली, "बाई, भाकर करताना पाऊस अंगावर येऊ नाही, बाकी कसं बी चालंल."

नमुन्याच्या घराची मापं आणि अटींचा मसुदा मी करून ठेवला आहे. मागाल त्या कारखान्याला पाठवते, त्याचे पैसे नकोत. यायलाही तयार आहे, एक दिवसाची सुट्टी काढून. फक्त बैठक अतिथिगृहात नको, तळावर घ्या, आणि संध्याकाळी सातनंतर घ्या, म्हणजे बाया फडातून आलेल्या असतील.

आपली नम्र,
धारूर तालुक्यातल्या एका कोयत्याची मुलगी